नॅनोद्रवातला ध्वनिवेग दर वेळी वेगळा येतो: इंटरफेरोमीटरवर चूक कुठे शोधायची

नॅनोद्रव म्हणजे नॅनोकण विखुरलेला द्रव. लक्षण असं: २ मेगाहर्ट्झचा एकस्फटिकी अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर, पाण्यात विखुरलेलं ०.१ टक्का ॲल्युमिना, थर्मोस्टॅट ३० अंशांवर. सकाळी वेग १५०७ मीटर प्रतिसेकंद, दुपारी त्याच बाटलीतल्या नमुन्याचा १५१२, दुसऱ्या दिवशी १५०४. संहती वाढवत आलेख काढला तर बिंदू खालीवर उड्या मारतात. कुणी त्यातून रेषा ओढतं आणि "कण व पाणी यांच्यातली आंतरक्रिया वाढली" असं वाक्य लिहून मोकळं होतं. त्या वाक्याआधी पुढच्या तपासण्या व्हायलाच हव्यात. क्रम मात्र बदलू नका, कारण आधीची चूक दुरुस्त नसेल तर नंतरची ओळखू येत नाही.

मुळात फरक किती यायला हवा?

हे गणित प्रयोगाआधीच करा. नॅनोकण २ मेगाहर्ट्झच्या ध्वनीत पाण्याबरोबरच हलतात. ३० अंशांच्या पाण्यात या वारंवारतेला श्यानतेच्या थराची जाडी सुमारे ०.३६ मायक्रोमीटर असते आणि ५० नॅनोमीटरचा कण तिच्यापुढे फारच लहान आहे. म्हणून उरिक यांचं १९४७ चं साधं सूत्र इथे लागू पडतं: मिश्रणाची घनता आणि संपीड्यता (दाबाने आकारमान किती घटतं ते) दोन्ही आकारमानाच्या प्रमाणात काढायच्या, आणि वेग म्हणजे त्यांच्या गुणाकाराच्या व्यस्ताचं वर्गमूळ. कण टाकल्यावर संपीड्यता थोडी घटते, पण घनता त्याहून जास्त वाढते. त्यामुळे वेग वाढत नाही, उतरतो.

आकडे घालून बघा. ३० अंशांना आकारमानानुसार १ टक्का ॲल्युमिनाला वेग सुमारे १५ मीटर प्रतिसेकंद कमी होतो, ०.१ टक्क्याला १.५. तांब्याचा ऑक्साइड जड असल्यामुळे ०.१ टक्क्याला सुमारे ३.३. सिलिका हलकी, तिच्यात ०.१ टक्क्याला पाव मीटरसुद्धा नाही. साध्या मायक्रोमीटरवर तो फरक दिसण्याची आशाच ठेवू नका.

आता उपकरणाकडे पाहा. सेल म्हणजे द्रवाचं भांडं. त्याच्या तळाचा स्फटिक ध्वनी सोडतो, वरची परावर्तक पट्टी मायक्रोमीटरच्या स्क्रूने सरकते आणि दर अर्ध्या तरंगलांबीला मीटरचा काटा शिखर गाठतो. ३० अंशांच्या पाण्यात २ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.७५४६ मिलिमीटर, म्हणजे लागोपाठच्या दोन शिखरांमध्ये ०.३७७ मिलिमीटर. वीस अंतरं मोजली की ७.५४६ मिलिमीटर होतात. मायक्रोमीटरचं लघुतम माप ०.०१ मिलिमीटर असेल तर तेवढ्या एका भागाच्या चुकीने वेग २ मीटरने सरकतो. १.५ मीटरचा फरक शोधायचा आणि मोजपट्टी २ मीटरची, ही या सगळ्या तक्रारीची मुळातली अडचण आहे. तिच्यावर मात करता येते, पण त्यासाठी बाकीच्या चुका आधी बाहेर काढाव्या लागतात.

पहिली तपासणी: नुसतं पाणी

नॅनोद्रव बाजूला ठेवा. दोनदा ऊर्ध्वपातित पाणी १५ ते २० मिनिटं उकळा, झाकून थंड करा आणि सेलमध्ये भरा. शुद्ध पाण्यातला वेग फार काटेकोरपणे माहीत आहे: २५ अंशांना १४९६.७, ३० ला १५०९.१, ३५ ला १५१९.८, ४० ला १५२८.९, ४५ ला १५३६.४ मीटर प्रतिसेकंद.

तीन तापमानांना प्रत्येकी तीनदा मोजा. उत्तर दर वेळी सारखंच, पण सगळीकडे ०.२ टक्क्याने जास्त किंवा कमी येत असेल, तर वारंवारता किंवा मायक्रोमीटरच्या स्क्रूचा आटा छापील मापाला धरून नाही. २ मेगाहर्ट्झमध्ये २ किलोहर्ट्झचा फरक म्हणजे दीड मीटर. वारंवारता-मापक असेल तर जनरेटर १५ मिनिटं तापू द्या आणि खरी वारंवारता मोजा. नसेल तर पाण्याचा माहीत असलेला वेग भागिले मोजलेली तरंगलांबी, ही तुमची "परिणामी वारंवारता" समजा आणि सगळ्या नमुन्यांना तीच वापरा. स्क्रूची प्रमाणातली चूकही तिच्यातच गिळली जाते.

उत्तर एका तापमानाला जुळतं आणि दुसऱ्याला नाही, तर गडबड तापमानात आहे. तीन वेळा मोजून तीन उत्तरं आली, तर ती स्क्रू फिरवण्याच्या पद्धतीत किंवा सेलमध्ये आहे. पाणी १ मीटरच्या आत जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, कारण ही पायरी बहुतेक जण एकदाच, तीही पहिल्या दिवशी, उरकतात.

तापमान

३० अंशांच्या आसपास पाण्यातला वेग दर अंशाला २.३ मीटरने वाढतो, २० अंशांच्या आसपास ३ मीटरने. म्हणजे अर्ध्या अंशाची चूक ही ०.१ टक्का ॲल्युमिनाच्या परिणामाच्या जवळपास बरोबरीची. थर्मोस्टॅटच्या पडद्यावरचा आकडा टाकीतल्या पाण्याचा असतो, सेलमधल्या द्रवाचा नाही. मधल्या रबरी नळीत उष्णता जाते. नळी लांब असेल आणि वर पंखा फिरत असेल तर जास्तच. नळी आखूड करा, तिच्यावर फोम गुंडाळा. रीडिंग संपल्यावर मायक्रोमीटरचं डोकं उचलून ०.१ अंशाचा तापमापक द्रवात धरा, स्फटिकाला टेकवू नका, आणि तोच आकडा वहीत लिहा.

द्रव स्थिरावला की नाही हे पाहायची एक सोपी खूण आहे. परावर्तक पट्टी स्फटिकापासून शक्य तितकी लांब न्या, शिखर ओलांडा आणि काटा उतारावर निम्म्यात आणून सोडा. पाच मिनिटांत काटा जागचा हलला नाही तर तापमान बसलं. सरकत असेल तर थांबा. सेल भरल्यापासून साधारण अर्धा तास लागतो. नमुना सोनिकेटरमधून (अल्ट्रासाउंडने कण विखुरणारं यंत्र) थेट आणला असेल तर त्याहून जास्त.

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत खोलीच ४० च्या वर जाते. नुसता हीटर असलेला थर्मोस्टॅट खोलीपेक्षा खालचं तापमान धरूच शकत नाही. ३० वर लावलेला असतो आणि सेलमध्ये ४१ असतात. खोलीपेक्षा किमान ५ अंश वरचं तापमान निवडा किंवा कूलिंगवालं यंत्र वापरा. सेलमध्ये गरम पाणी एकदम सोडू नका, अचानक तापल्याने स्फटिक तडकतो.

मूळ द्रव इथिलीन ग्लायकॉल असेल तर दिशा उलटी होते: तापमान वाढलं की वेग कमी होतो. पाणी या बाबतीत जगावेगळं आहे, त्याचा वेग ७४ अंशांच्या आसपासपर्यंत वाढत राहतो. पाण्यावरून आलेला अंदाज ग्लायकॉलला लावला की दुरुस्तीची चिन्हं उलटी पडतात.

स्क्रू आणि काटा

स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा. शिखर हुकलं म्हणून मागे आलात की आट्यातली ढिलाई रीडिंगमध्ये शिरते. हुकलं तर ते शिखर सोडा किंवा पूर्ण एक फेरा मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने या.

शिखराचा माथा चपटा असतो, म्हणून डोळ्याने "इथेच सर्वात जास्त" ठरवण्यात ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर सहज जातात. त्यापेक्षा चढताना काटा समजा ६० वर आला ते रीडिंग घ्या, उतरताना पुन्हा ६० वर आला ते घ्या आणि दोन्हींची सरासरी काढा. उतारावर काटा भराभर हलतो, त्यामुळे जागा नेमकी सापडते. गेन (संकेत किती मोठा करून दाखवायचा ते) इतका वाढवू नका की काटा टोकाला जाऊन आपटेल. तसं झालं तर माथा कापला जातो आणि शिखर रुंद वाटू लागतं.

पहिल्या आणि शेवटच्या रीडिंगच्या फरकाला भागायची सवय सोडा. वीस शिखरांची रीडिंग घ्या आणि शिखराचा क्रमांक विरुद्ध रीडिंग अशी लघुतम वर्गाची रेषा बसवा. प्रत्येक रीडिंगमध्ये ०.००५ मिलिमीटरची अनिश्चितता धरली, तर पहिल्या-शेवटच्या फरकातून वेगात सुमारे दीड मीटरची अनिश्चितता राहते, रेषेतून पाऊण मीटरची. खर्च शून्य, फायदा दुप्पट. शिवाय एखादं शिखर मोजायचं राहिलं असेल तर रेषेवर लगेच दिसतं. त्यानंतरही कमी पडलं तर ०.००१ मिलिमीटरचा मायक्रोमीटर घ्या.

मुख्य शिखरांच्या मध्ये छोटी उपशिखरं दिसत असतील तर परावर्तक पट्टी स्फटिकाला समांतर नाही. सेल तळाच्या खाचेत नीट बसवा, स्क्रू पूर्ण आवळा, पट्टीच्या कडेला चिकटलेला कण काढा. तरीही राहिली तर फक्त मुख्य शिखरं मोजा. उपशिखर चुकून मोजलं की वेग एकदम कित्येक टक्के खाली जातो.

पाणी जुळतं, नॅनोद्रव जुळत नाही

आता दोष द्रवातच आहे.

बुडबुडे आधी पाहा. सोनिकेटरच्या प्रोबने ढवळलेल्या द्रवात हवा बारीक होऊन अडकते. पाण्यात हवेच्या बुडबुड्याची अनुनादी वारंवारता आणि त्रिज्या यांचा गुणाकार सुमारे ३.३ मीटर प्रतिसेकंद असतो, म्हणजे २ मेगाहर्ट्झला दीड मायक्रोमीटरच्या आसपासचे, डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे सर्वात जास्त त्रास देतात. शिखरं बुटकी आणि बोथट झाली, काटा थरथरतो, ही त्यांची खूण. सोनिकेशननंतर नमुना व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये १० ते १५ मिनिटं ठेवा. साबणासारखं पृष्ठक्रियाकारक घातलं असेल तर निर्वात हळूहळू वाढवा, नाहीतर फेस बाहेर येतो. परावर्तक पट्टी बुडवताना तिच्या सपाट तळाखाली मोठा बुडबुडा अडकतो. ती सावकाश, किंचित तिरकी बुडवा आणि दोनदा वरखाली करा.

मग संहती. वजनी टक्का आणि आकारमानाचा टक्का यांची गल्लत सर्रास होते. वजनाने १ टक्का ॲल्युमिना म्हणजे आकारमानाने जेमतेम ०.२५ टक्के. आकारमानाने ०.१ टक्क्याचे १०० मिली करायचे तर ॲल्युमिना ०.३९७ ग्रॅम, तांब्याचा ऑक्साइड ०.६३१ ग्रॅम लागतो. भुकटी हवेतली ओल धरते; ११० अंशांना दोन तास वाळवा, डेसिकेटरमध्ये थंड करा, मग तोला. सोनिकेशनच्या आधी आणि नंतर चंचुपात्र तोला, उडालेलं पाणी तेवढंच परत घाला.

सोनिकेशन प्रोबने करत असाल तर ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद, चंचुपात्र बर्फाच्या पाण्यात, एकूण ३० ते ६० मिनिटं. प्रोबचं टायटॅनियमचं टोक झिजतं आणि त्याची राखाडी धूळ नमुन्यात उतरते. म्हणून तुलनेचं पाणीसुद्धा कण न घालता तेवढाच वेळ प्रोबखाली धरा, त्यात तेवढंच आम्ल आणि तेवढंच पृष्ठक्रियाकारक घाला. नॅनोद्रवाची तुलना बाटलीतल्या कोऱ्या पाण्याशी केली तर कणांचा परिणाम आणि घातलेल्या रसायनांचा परिणाम वेगळा करता येत नाही.

गुठळ्या आणि साका

खरा चोर बहुतेक वेळा हाच. ५० नॅनोमीटरचा एकटा ॲल्युमिनाचा कण ३० अंशांच्या पाण्यात तासाला ०.०२ मिलिमीटरसुद्धा खाली जात नाही. त्याच पदार्थाची १ मायक्रोमीटरची घट्ट गुठळी तासाला ७ मिलिमीटर जाते. गुठळी सैल असेल तर थोडी हळू, पण दुपारपर्यंत सेलचा वरचा भाग निम्मा रिकामा होतो. कण खाली गेले की वेग पाण्याच्या वेगाकडे, म्हणजे वर सरकतो. त्यात भर म्हणजे मोठ्या गुठळ्या पाण्याबरोबर पुरेशा हलत नाहीत, मागे राहतात, आणि त्यानेही वेग वाढतो. "संहतीबरोबर वेग वाढला" अशी नोंद करण्याआधी हे दोन्ही मार्ग बंद करायला हवेत.

या सेलमध्ये स्फटिक तळाला असतो, त्यामुळे सगळा साका त्याच्यावरच बसतो. स्फटिकावर भार चढतो, शिखरं हळूहळू खुजी होत जातात, गेन वाढवत जावा लागतो. गेन सतत वाढवावा लागणं ही साक्याची खात्रीशीर खूण समजा.

पडताळणी अशी: दोन तासांनी सेल रिकामा करा, बाटली हलवून त्याच नमुन्याने पुन्हा भरा. वेग पुन्हा पहिल्या आकड्यावर खाली आला तर साका बसत होता. वरच राहिला तर बाटलीतच गुठळ्या झाल्या आहेत. आणि वेग पहिल्या अर्ध्या तासातच सरकला, नंतर थांबला, तर तो तापमानाचा प्रश्न होता, मागे जा.

इलाज सामूने होतो. ॲल्युमिनाच्या पृष्ठावरचा भार सामू ९ च्या आसपास शून्य होतो, टायटॅनियाचा ६ च्या आसपास, सिलिकाचा २ ते ३ ला. त्या बिंदूपासून जितकं दूर तितके कण एकमेकांना ढकलतात. ॲल्युमिनासाठी विरल नायट्रिक आम्लाने सामू ४ ते ५ वर आणा. झिंक ऑक्साइड आणि तांब्याच्या ऑक्साइडला ही युक्ती लावू नका, ते आम्लात विरघळतात. झीटा विभव (कणाच्या पृष्ठभागाजवळचा विद्युत विभव) मोजायची सोय असेल तर ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे, धन किंवा ऋण, हवं.

पृष्ठक्रियाकारक डोळे मिटून घालू नका. सामू ५ ला ॲल्युमिनाचे कण धनभारित असतात. त्यात ऋणभारित सोडियम डोडेसिल सल्फेट थोडंसं घातलं की तो भार मारला जातो आणि कण पटकन एकत्र येतात. "स्थिर करायला घातलं आणि पाच मिनिटांत पाणी निवळलं" या तक्रारीचं कारण हे. एकतर आम्ल वापरा, नाहीतर कणाच्या भाराला साजेसं पृष्ठक्रियाकारक.

मोजमाप नेहमी सर्वात विरल नमुन्यापासून सुरू करा. प्रत्येक नमुन्यानंतर सेल तीनदा पाण्याने विसळा (ॲल्युमिना असेल तर किंचित आम्लयुक्त पाण्याने), शेवटी ॲसिटोनने, आणि तसाच वाळू द्या. स्फटिकावरचा धातूचा मुलामा कापसाने किंवा कागदाने पुसू नका, ओरखडा पडला की तो स्फटिक गेला. सेल रिकामा असताना जनरेटर चालू करू नका. दिवसाच्या शेवटी पुन्हा पाणी भरून मोजा. सकाळच्या पाण्यापेक्षा १ मीटरहून जास्त फरक आला तर मधली सगळी रीडिंग रद्द धरा. कठोर वाटेल, पण त्या आकड्यांवर पुढे संपीड्यता, प्रतिबाधा, मुक्त लांबी (रेणूंमधलं मोकळं अंतर) असं सगळं रचलं जातं आणि चूक तिथे दिसेनाशी होते. संपीड्यतेत वेगाचा वर्ग येतो, म्हणजे चूक दुप्पट. घनतासुद्धा त्याच तापमानाला, त्याच नमुन्याची पिक्नोमीटरने (घनता मोजायच्या बाटलीने) मोजा. पाण्याची घनता कोष्टकातून उचलून घालू नका.

त्याच नमुन्याची उष्णता वाहकता

द्रवात बुडवून तापवायच्या सुईच्या प्रोबने घेतलेले वाहकतेचे आकडेही असेच नाचतात. इथे मुख्य दोष संवहनाचा: पाणी पातळ आहे, सुई तापली की शेजारचं पाणी वर चढू लागतं आणि वाहकता फुगलेली दिसते. सुई अगदी उभी धरा, कमी शक्तीची, द्रवांसाठीची रीत निवडा, रीडिंगच्या वेळी थर्मोस्टॅटचा पंप आणि डोक्यावरचा पंखा बंद ठेवा, दोन रीडिंगमध्ये १५ मिनिटं जाऊ द्या. ग्लिसरीनवर ०.२८५ वॅट प्रतिमीटर-केल्व्हिनच्या जवळ येतं का पाहा. मग लिटरला ५ ग्रॅम अगर घालून गोठवलेलं पाणी आणि साधं पाणी, दोन्ही २५ अंशांना मोजा. दोन्ही ०.६१ च्या आसपास यायला हवेत. साधं पाणी जास्त दाखवत असेल तर संवहन चालू आहे, नॅनोद्रवाचा आकडाही तितकाच खोटा.

अपेक्षा इथेही आधी लिहून ठेवा. चांगल्या विखुरलेल्या गोल कणांना मॅक्सवेलच्या सूत्राप्रमाणे वाढ आकारमानाच्या टक्क्याच्या साधारण तिप्पट: ०.१ टक्का कणांना ०.३ टक्के, १ टक्क्याला ३. सुईच्या प्रोबची अचूकता बहुधा ५ टक्के असते. "नॅनोफ्लुइड" हा शब्द १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेतून आला आणि त्यानंतर फार मोठ्या वाढीचे दावे झाले. २००९ मध्ये तीसहून अधिक संस्थांनी तेच नमुने मोजून ताडून पाहिले, तेव्हा असाधारण वाढ कुठेच सापडली नाही. ०.१ टक्क्याला १५ टक्के वाढ दिसली तर आधी पंप बंद होता का ते बघा, मग सुई उभी होती का, मग भुकटी ओली होती का.

दोन्ही मोजमापं एकाच दिवशी, एकाच बाटलीतून करा आणि वहीत प्रत्येक आकड्यासमोर सोनिकेशन संपल्यापासून किती मिनिटं झाली ते लिहा. वेग सरकला आणि वाहकताही सरकली, तर दोन्हींच्या मिनिटांचे रकाने शेजारी ठेवले की गुठळ्या कधी सुरू झाल्या ते त्या पानावरच वाचता येतं.